झाकणाखालची पन्नी

आमची गाडी बंद पडायची तीसुद्धा अगदी रीतसर. साखरखेर्डा सोडून चिखलीच्या रस्त्याला लागलं की थोडा वेळ नव्या सुनेसारखी मुकाट चालायची. मग दोन आचके द्यायची आणि रस्त्याच्या कडेला जीव सोडायची. चावी फिरवून फिरवून माझं मनगट दुखायचं, पण ती ढिम्म. पाव तास उन्हात उभी राहिली की मात्र काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची. तो पाव तास माझ्या डोक्यात जायचा.

मी गावातल्या शाळेत शिकवते. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, गाडी त्याची, आमच्या लग्नाच्याही आधीची, आणि शेजारच्या सीटवर मामाजी, म्हणजे माझे सासरे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांना चिखलीला त्यांच्या मोठ्या बहिणीकडे न्यायची. गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पायरी चढवत नाही आणि जीपमध्ये कोंबून घेण्याचं त्यांचं वय राहिलेलं नाही.

आक्का हळूहळू सगळं विसरत चालल्या होत्या. दिवाळीत त्यांनी भावाला ओवाळलं. होळीच्या सुमारास त्याच भावाकडे बघून आपल्या सुनेला विचारलं, "हे कोण पाव्हणे आले वं?" मामाजी तेवढ्यापुरते हसले. आक्कांचं डोकं दुपारच्या जेवणाआधीच काय ते जरा ताळ्यावर असायचं. जेवण झालं, गोळी दिली, की त्या झोपायच्या आणि उठल्यावर तर स्वतःचं घरही ओळखायच्या नाहीत. "जेवणाच्या आधी पोचलो ना, तं वळखन आक्का मले," मामाजी दर शनिवारी म्हणायचे. आणि होळीपासूनच या गाडीला हे सोंग सुचलं होतं. आम्ही पोचायचो तेव्हा आक्का झोपलेल्या. मामाजी खाटेजवळ बसून त्यांच्या पायांवरची चादर सारखी करायचे आणि आम्ही परत निघायचो.

मेकॅनिककडे नेली की गाडी गरीब गाय व्हायची. गल्लीत एक चक्कर मारून तो म्हणायचा, "मॅडम, मक्खन चालते ना." तरी त्याने प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, बॅटरीही बदलली. माझ्या मते आता त्या गाडीत जुनं असं फक्त हॉर्न आणि मी एवढंच उरलं होतं. नवरा फोनवरून विचारायचा, "तू क्लच नीट सोडतेस ना?" त्या वेळी तो समोर असता, तर कुठला क्लच कसा सोडायचा ते मी त्याला दाखवलं असतं.

मामाजींची एक सवय इथे सांगायलाच हवी. आमच्या घरात कुठल्याही डब्याचं झाकण नुसतं लागत नाही. तेलाची बाटली, लोणच्याची बरणी, कापराची डबी, सगळ्यांच्या झाकणाखाली धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीची पन्नी. घाईच्या वेळी खोबरेल घ्यायचं तर आधी पन्नीशी कुस्ती. मी कितीदा कातावले, पण पन्न्या काही हटल्या नाहीत. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाची चावीही त्यांच्याच बंडीच्या खिशात असायची. पंपावर ते गुडघे धरत उतरणार, झाकण स्वतः उघडणार, मीटर शून्यावर आहे का ते बघणार आणि झाकण स्वतःच लावणार. दुसऱ्यावर भरवसा म्हणून नाही.

त्या शनिवारी गाडी पुन्हा थांबली. आजूबाजूला पीक काढून उलंगलेली शेतं, सावली नावाला नाही, आणि मामाजी घड्याळाकडे बघतायत. माझी सटकली. पेट्रोलचा काटा कधीचाच मेला होता, म्हटलं, निदान टाकीत पेट्रोल तरी आहे का ते पाहू.

"मामाजी, टाकीची चावी द्या."

"काऊन? परवाच तं टाकलं पेट्रोल."

"द्या तुम्ही."

झाकण फिरवलं तर सूऽऽ करून केवढी तरी हवा आत ओढली गेली. आणि झाकणाखाली, दुहेरी घडी घालून, छान चापून बसवलेली दुधाच्या पिशवीची पन्नी.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल आचके देत येतं आणि थांबतं. आत हवा जायला दुसरं भोक लागतं. टाकीचंही तसंच. झाकणातल्या बारीकशा भोकातून ती हवा घेते, आणि ते भोकच पन्नीने बुजलं होतं. पाव तासात कडेने झिरपेल तेवढ्या हवेवर ती पुन्हा चालायची. काखेत कळसा अन् गावाला वळसा, आणि वळशात सगळी गाडी बदलून झाली होती.

"हे कोणी लावलं?" मी विचारलं, जसं काही आमच्या घरात पन्न्या लावणारे दहाजण होते.

"म्याच," मामाजी म्हणाले. "ऊन कसं तापून राह्यलं. पेट्रोल उडून जाते ना वं. दर शनिवारी तुयं पेट्रोल माह्यापायी जाते. म्हटलं, तेवढंच वाचलं तं वाचलं."

मला भयंकर राग आला होता आणि या वाक्यावर तो काढताही येईना. मी दार धाडकन आपटलं. गाडी लगेच सुरू झाली आणि चिखलीपर्यंत एकदाही थांबली नाही. वाटेत मी घरी गेल्यावर बोलायचं सगळं मनात जुळवत होते.

आक्का खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, जाग्या. सून ताट वाढत होती. मामाजींना बघून आक्का म्हणाल्या, "या, बसा." पाव्हण्याला म्हणतात तसं.

मामाजी बसले. घाम पुसायला त्यांनी बंडीतून रुमाल ओढला, आणि त्याच्याबरोबर ती पन्नी आक्कांच्या मांडीवर पडली. फेकतील ते मामाजी कसले! आक्कांनी ती उचलली, नाकाशी नेली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"घासलेटचा डबा उघडा ठेवला का रे तुनं?" त्या मामाजींवर डाफरल्या. "उडून जाते ना! माय मारन तुले."

"लावतो आक्का," मामाजी म्हणाले. "आत्ता लावतो."

आक्कांनी त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. ताट निवून गेलं, गोळी लांबली, आणि त्यांच्या सुनेनेही घाई केली नाही.

परत निघताना मामाजी गाडीत बसले, टाकीची चावी त्यांनी आपणहून माझ्या हातात ठेवली आणि समोर बघत म्हणाले, "वळखलं वं तिनं मले."

माझे डोळे भरून आले, समोरचा रस्ता दिसेना. मी चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली, मेली. नेमका त्या दिवशी मला तो पाव तास हवा होता.