चांदीचा पत्रा, पाच नग

"त्यात माझे देव होते," फोनवरच्या आजी म्हणाल्या. "तेवढे परत पाठवा. बाकीचं राहू दे."

मी स्क्रीनवर त्यांच्या फलटणहून आलेल्या पाकिटाची यादी उघडली. तोडे एक जोड, तुटके. जोडवी चार. अत्तरदाणीचं झाकण. चांदीचा पत्रा, पाच नग. देव कुठेच नव्हते.

"आजी, यादीत देव नाहीत," मी म्हणाले.

"यादीत नसतील. पिशवीत होते. पिवळ्या फडक्यात बांधलेले."

पिवळं फडकं मला आठवलं. त्याची गाठ मीच सोडली होती.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अर्धा दिवस एका कंपनीत काम करते. आमचं ऑफिस पुण्यात मार्केट यार्डाजवळ, कांद्याच्या गाळ्यांच्या मागे पहिल्या मजल्यावर आहे. लोकांना नको असलेलं सोनं-चांदी आम्ही कुरियरने मागवतो. तुटकी साखळी, एकच उरलेलं कानातलं, वाकलेली जोडवी. अशा वस्तूंना मोड म्हणतात. आम्ही लोकांना एक मजबूत पाकीट पाठवतो. ते मोड भरून परत पाठवतात. मी पाकीट कॅमेऱ्यासमोर फोडते, प्रत्येक वस्तूचं वर्णन लिहिते, तोलते, शुद्धता मोजायच्या मशीनवर ठेवते. मग ग्राहकाला फोन करून यादी वाचून दाखवते आणि भाव सांगते. ते हो म्हणाले, तर ती वस्तू आटणीला, म्हणजे वितळवायला जाते. नाही म्हणाले, तर जशीच्या तशी परत.

पहिल्याच दिवशी आमच्या आपटे मॅडमनी मला सांगितलं होतं, "दिसेल ते लिहायचं. वाटेल ते लिहायचं नाही. हार दिसला तर हार. राणीहार वाटला, तरी हार." मॅडमनी बँकेत वर्षानुवर्षं सोनं पारखलेलं आहे. त्यांचं बोलणं मी वहीत लिहून ठेवते.

त्या सोमवारी पिवळ्या फडक्यात मला पाच पातळ पत्रे दिसले. नाण्यापेक्षा थोडे मोठे, काळे पडलेले, मधून फुगीर. एखाद्या जुन्या डबीवरची नक्षी निघाली असेल, असं मला वाटलं. पण वाटेल ते लिहायचं नाही. म्हणून मी 'पत्रा' लिहिलं. मंगळवारी आजींना फोनवर तसंच वाचून दाखवलं. त्या हो म्हणाल्या. आज गुरुवार होता. गुरुवारी सकाळी दहाला लॉट आटणीला जातो. आत्ता साडेदहा वाजले होते.

"आजी, तुम्ही परवा हो म्हणालात," मी म्हणाले. हे वाक्य मी का बोलले, मला माहीत नाही. घाबरले होते.

"म्हणाले ना. तू म्हणालीस पत्र्याचे तुकडे. मला वाटलं, आमच्या तबकाच्या कडा निघाल्या होत्या, त्या." त्या रागावलेल्या वाटत नव्हत्या. दम लागल्यासारख्या बोलत होत्या. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस वाकायचं नाही म्हणाले डॉक्टर. पूजा कोण करणार? म्हणून टाक बांधून चांदीच्या डब्यात ठेवले. सुनेला म्हटलं होतं, डब्यातली मोड विकून टाक. तिनं डबाच पालथा केला. आज नववा दिवस. देव मांडायला गेले, तर डबा रिकामा."

टाक हा शब्द मी ऐकलेला होता. पाहिला नव्हता. चांदीच्या छोट्या पत्र्यावर ठोकून देवाचं चित्र उठवतात आणि तो देवघरात पुजतात, हे मला त्या क्षणी कळलं.

"चार देव आहेत," आजी म्हणाल्या. "खंडोबा, भवानी, जोतिबा आणि भैरोबा. पाचवी ती आहे."

"ती कोण?"

"ह्यांची पहिली. बाळंतपणात गेली. वर्षानं मी आले या घरात. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी तिचा टाक माझ्या हातात दिला. म्हणाल्या, रोज आधी तिला कुंकू, मग तुला. तेव्हापासून चुकवलं नाही. या आठ दिवसांतच काय ते चुकलं. देवांचं काय, सोनार नवे करून देतो. तिचा फोटो नाही ग. तेवढंच आहे तिचं."

मी म्हणाले, "आजी, मी बघते." आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

आजींचं सगळं ऐकून मॅडमनी आधी पाकिटाचे फोटो स्क्रीनवर उघडायला लावले. प्रत्येक वस्तूचा फोटो आम्ही ठेवतोच. त्यांनी चष्मा वर केला.

"हा घोड्यावरचा खंडोबा. ही अष्टभुजा. हा पत्रा म्हणे! प्रणाली, तुमच्या घरी देवघरात काय पत्रे मांडतात?"

मी फोटो आणखी मोठा केला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. त्यांना काहीतरी लक्षात आलं असावं, कारण पुढचं वाक्य वेगळ्या आवाजात आलं.

"पाचवा खरंच ओळखू येत नाही. तानाजीरावांना फोन लाव."

लावला. वाजत राहिला. तानाजीमामा आमची आटणी करतात. या कामाला गलाई म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांतली माणसं पिढ्यान्पिढ्या हेच काम करायला देशभर गेलेली आहेत. मामांचं दुकान रविवार पेठेत आहे. भट्टी पेटली की ते सदरा काढून बाहेर खुंटीला अडकवतात आणि फोन सदऱ्याच्या खिशात असतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तरी मी चार वेळा लावला.

"आणखी लावलास, तर फोनलाच चटका बसेल," मॅडम म्हणाल्या. "हेल्मेट घे."

मॅडमची स्कूटर मी पहिल्यांदाच पाहत होते, असं नाही. तिच्यावर पहिल्यांदाच बसत होते. सेव्हन लव्ह्जच्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा मी मागून म्हणाले, "मॅडम, सॉरी."

"गाडी चालवताना मी सॉरी ऐकत नाही."

रविवार पेठेतल्या त्या बोळात स्कूटर जात नाही. मी धावत पुढे गेले. खुंटीवर सदरा होता. आत मामा बनियनवर उभे होते आणि लांब चिमट्याने मूस, म्हणजे वितळवायचं मातीचं भांडं, तिरपी करून साच्यात चांदी ओतत होते. ओतत असताना कुणी बोलायचं नसतं. मी दारातच थांबले. शेवटचा थेंब पडला. मामांनी मूस खाली ठेवली.

"मामा, त्यात देव होते."

"देव हायत की," मामा म्हणाले आणि हाताने फळीकडे दाखवलं. "ते बघ. बाजूला ठेवल्यात."

फळीवर एका वाटीत चार टाक होते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"देव दिसला तर आमी मुशीत टाकत न्हाई," मामा मॅडमना सांगत होते. त्या तोवर पोचल्या होत्या. "गिऱ्हाइकाला इचारल्याबिगर न्हाई. बापानं शिकवलंय. दुपारी फोन करणारच हुतो तुमास्नी."

मी टाक मोजले. पुन्हा मोजले.

"मामा, पाच होते."

"चारच हुते. येक नुसता पत्रा हुता, कोरा. त्यो टाकला."

मॅडमनी खाली बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. "का? काय हुतं ते?"

मग मॅडमनीच दोन वाक्यांत सांगितलं. मामा स्टुलावर बसले. ते खूप वर्षं हे काम करतात आणि त्यांचा हात कधी चुकत नाही. साच्यातली चांदी घट्ट झाली होती. वितळून ओतलेल्या त्या कांबीला लगड म्हणतात. त्यांनी ती चिमट्याने उचलली आणि पाण्यात सोडली. पाणी चर्र झालं.

"वेगळी काढता येईल का?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"पाण्यातनं पाणी कसं काढशील, पोरी?"

त्या मुशीत दहा-बारा घरांची मोड होती.

"फोन तू करायचास," मॅडम म्हणाल्या. "मी केला, तर कंपनीचा फोन होईल."

मी बोळातल्या एका पायरीवर बसले. समोर भांड्यांचं दुकान होतं. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत आजींनी उचलला.

"सापडले?"

"चार सापडले," मी म्हणाले.

कोणते चार, हे त्यांनी विचारलं नाही.

"आजी, चूक माझी आहे. मी ओळखलं नाही. म्हणजे मी टाक कधी बघितलेलेच नाहीत. आमच्याकडे देवघर नाही. आम्ही बौद्ध आहोत. पणजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव नदीत सोडले. त्यानंतर घरात कुणी..." मला पुढे काय म्हणायचं होतं, ते मला सुचलं नाही. हे आपण ग्राहकाला का सांगतोय, असंही वाटलं. पुण्यात आल्यापासून मी हे आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी आडनाव विचारलं की सांगते, तेवढंच.

"मग तुला कसं ओळखू येणार," आजी म्हणाल्या. "माझ्या सुनेकडे चांगलं सागवानी देवघर आहे. तिला तरी कुठं आलं?"

मी हसले नाही. पण पुढचं बोलता आलं.

"आमच्याकडे त्याचा फोटो आहे," मी म्हणाले. "पाकीट उघडताना काढलेला. त्यावरून सोनाराला दुसरा—"

"काय दिसतं त्यात?"

मी मोबाईलवर फोटो मोठा केला. खोटं बोलावंसं फार वाटलं. "खरं सांगू, आजी? काहीच दिसत नाही. मधे थोडा उंचवटा आहे."

"नसणारच. इतकी वर्षं कुंकू लावून माझ्याच अंगठ्यानं झिजली ती. आधी नाक गेलं. मग डोळे. शेवटी मलाच तेवढी दिसायची." नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "आता कशात आहे?"

मी लगडीबद्दल सांगितलं. तिच्यात आणखी कुणाकुणाचं काय आहे, तेही सांगितलं. यवतमाळची जोडवी, संगमनेरचे छल्ले, कुणाचा करदोडा, कुणाच्या बाळाचे वाळे. लपवण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे दहा गावच्या बायकांबरोबर आहे."

"हो."

"जिवंतपणी तिला फलटणच्या वेशीबाहेर कुणी नेलं नाही." आजी बहुधा हसल्या. नक्की सांगता येणार नाही. "त्या लगडीचा एक तुकडा दे मला. तिच्याएवढा."

"त्यावर काय काढायचं?"

"काही नको. कोराच दे. दुसऱ्या कुणाचं तोंड काढून तिला चिकटवू नका."

मी आत जाऊन सांगितलं. मामा लगेच उठले. पण तिच्याएवढा म्हणजे किती, ते लिहिलेलं नव्हतं. पाच नग मी एकत्र तोलले होते. मॅडमनी चार टाक काट्यावर ठेवले आणि माझ्या यादीतल्या वजनातून वजा केले. दोन ग्रॅम आणि वर थोडं. मामांनी लगडीचा कोपरा कापला, ऐरणीवर ठोकून पातळ केला, कातरीने गोल केला, पुन्हा तोलला, कडेने कानसला, पुन्हा तोलला. अंगावर सदरा नव्हता आणि घाम चालला होता. मग त्यांनी तो चिंचेने घासून चकचकीत केला.

"असं कोरं काम कुणी सांगत न्हाई," ते म्हणाले. "पर वजन चोख हाय. सांग त्यास्नी."

पिवळं फडकं मी टाकून दिलं नव्हतं. रिकाम्या पाकिटांच्या पेटीत होतं. मी ते धुऊन पाठवणार होते, पण मॅडम म्हणाल्या, "त्यांचं आहे, तसंच जाऊ दे." चार टाक आणि पाचवी चकती त्यात बांधून त्याच दुपारी कुरियर केलं. कंपनीकडे झाला प्रकार मॅडमनी लिहून दिला. त्यात माझं नाव एकदा आणि स्वतःचं दोनदा होतं. मला लेखी समज मिळाली. नोकरी राहिली.

शनिवारी आजींचा फोन आला.

"पोचले सगळे. आज मांडले."

"ती?"

"तिलाही कुंकू लावलं. नवी आहे ना, अंगठा घसरतो. होईल सवय." मग म्हणाल्या, "सुनेनं विचारलं, यावर तर काहीच नाही, कसं कळणार कोण आहे ते? म्हटलं, बस इथं, सांगते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसली."

आता आमच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढला आहे: देवघरातली काही वस्तू यात आहे का? मॅडमनी मला पुढचा धडाही दिला. दिसेल ते लिहायचं, आणि दिसलं ते कळलं नाही, तर लिहायच्या आधी विचारायचं. म्हणून हल्ली ओळखू न येणारी प्रत्येक वस्तू घेऊन मी ग्राहकाला फोन करते. बहुतेक वेळा ते करंड्याचं झाकण असतं. लोक म्हणतात, अहो, झाकण आहे ते, एवढंसुद्धा कळत नाही का तुम्हाला?

मी म्हणते, नाही कळलं. म्हणून तर विचारलं.