पाय बघणारे मामंजी

लग्न होऊन मी त्या घराच्या उंबऱ्याशी उभी राहिले, तेव्हा जमलेल्या बाया माझं तोंड बघत होत्या आणि माझे सासरे माझे पाय बघत होते. माप ओलांडायला मी पाऊल उचललं तर त्यांनी हातानं थांबवलं, खाली वाकले आणि म्हणाले, "तोडे जरा वर सरकव बाई. घोटे बगू दे." माझ्या माहेरच्यांना वाटलं, लक्ष्मीची पावलं पारखायची काहीतरी रीत असेल इकडं. माझ्या मावशीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. मामंजींनी दोन्ही घोटे नीट न्याहाळले आणि घराकडे वळून ओरडले, "एकबी वण न्हाई! घ्या आत."

वण म्हणजे नारूचा. आताच्या पोरांना नारू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, आणि सांगावं लागतं हेच बरं आहे. पायाला फोड यायचा, तो फुटायचा आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा तोंड काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर उरलेला आत सडे आणि पाय कायमचा जाई. हे सगळं ऐन उन्हाळ्यात, पेरणीच्या तोंडावर. पालमकडच्या त्या आमच्या गावात मृगाचा पाऊस पडे तेव्हा निम्मे गडी खाटेवर पडलेले असत.

त्यामुळे मामंजी कुणालाही रामराम घालत तो आधी पायांना. पाहुणा असो, नाही तर तहसिलीचा शिपाई. "तोंडाचं काय," ते म्हणत, "तोंड खोटं बोलतंय. पाय न्हाई बोलत." सासऱ्यानं सुनेशी गप्पा मारणं तेव्हा गावाला पसंत नव्हतं, पण मी ओसरीवर जोंधळे निवडत बसले की ते खांबाला टेकून माझ्याशी बोलत. पायांच्या परीक्षेत पास झालेली सून म्हणून ही सवलत मला मिळाली असावी.

ते गावचे माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे. बाहेरून बघणाऱ्याला तो मोठा मान वाटे. त्यांना विचारलं तर सांगत, "वरून हुकूम, खालून बोंब, आन मदी पाटील." हे ते तक्रारीच्या सुरात नाही, हवापाणी सांगावं तसं सांगत.

माझ्या लग्नानंतरच्या वर्षी वरून जो हुकूम आला तो भलताच होता. गावात पंचायत करा आणि सालभरात गाव सुधारून दाखवा. मामंजी पंचायतीचे सदर, म्हणजे अध्यक्ष झाले. झाले म्हणजे केले, नको म्हणायची सोयच नव्हती. मग सुधारणा सुरू झाल्या. उकिरडे गावाबाहेर खड्ड्यांत गेले. वेशीत कंदील टांगला, त्याचं रॉकेल पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी घरच्या चिमणीत गेलं. चावडीला चुना फासला, तर गावातली शेरडं तिला पाठ घासून पांढरी होऊन हिंडू लागली. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे माळावरून गावापर्यंत सडक. जिल्ह्याचे मोठे साहेब, ज्यांना तेव्हा तालुकदार म्हणत, त्यांची मोटार चावडीपर्यंत यायला हवी होती. साहेब येणार कशाला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामंजींच्या मनात मात्र एकच काम होतं, आणि ते हुकुमात नव्हतं. आमच्या गावाची पाण्याची जागा एकच, वेशीजवळची बारव. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या. बाया-गडी पाण्यात उभे राहून घागरी बुडवत. पाण्याच्या जरा वर देवळीत साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, सात शेंदरी दगड होते. बाळंतीण सव्वा महिन्यानं तिथं उतरून आसरांची ओटी भरी, तेव्हा तिचं बाळंतपण सुटे.

पाय बघता बघता मामंजींच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. वेशीबाहेरच्या वस्तीत नारू नव्हता. एकाच्याही पायाला वण नाही. त्या लोकांना आम्ही बारवेची पायरी शिवू देत नव्हतो; ते ओढ्याच्या वाळूत झरा उकरून पीत. आम्ही ज्या पाण्यापासून त्यांना हाकललं, त्यानंच आम्हाला लंगडं केलं होतं. परभणीच्या दवाखान्यात जाऊन मामंजींनी डॉक्टरला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. नारू फुटलेला पाय पाण्यात गेला की किड्याची पिल्लं पाण्यात उतरतात. ते पाणी प्यालं की पोटात जातात आणि एका सालानं पायातून बाहेर येतात. तेव्हा पायऱ्या बंद करा, रहाट लावून वरून पाणी ओढा, असं डॉक्टर म्हणाला.

मामंजींनी पंचायतीत येऊन यातलं अर्धंच सांगितलं. "पायऱ्यांवर भिंत घालू. पुढल्या उन्हाळ्यात नारू बंद."

मी हिशेबाला पक्की. जोंधळे निवडता निवडता मी म्हटलं, "पन मामंजी, आवंदाचं पानी तर समद्यांच्या पोटात गेलंय. पुढल्या उन्हाळ्यात ते निगंल की."

त्यांनी माझ्या सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. मग म्हणाले, "निगंल."

"मग खोटं काहून सांगितलं?"

"दोन उन्हाळे थांबा म्हनलो असतो, तर एकानंबी दगड उचलला नसता, सूनबाई. मानूस एक उन्हाळा थांबतोय. दुसऱ्याला उठून जातोय."

त्या दिवशी मला या माणसाची भीती वाटली आणि दयाही आली. आपण कशात पाय घालतोय हे त्यांना पुरतं कळत होतं.

रब्बीची काढणी झाली आणि पेरणीला अवकाश होता, तेवढेच दिवस गाव मोकळं. घरटी एक माणूस कामाला, पाटलाच्या घरचासुद्धा. तेवढ्या दिवसांत सडक तरी होणार नाही तर भिंत तरी. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. मामंजींच्या तर दोन्हीकडे बारवच होती. सडकेसाठी गावानं दगड फोडून ढीग लावला आणि एका सकाळी मामंजींनी तो सगळा ढीग गाड्यांत भरून बारवेवर नेला. छातीएवढी भिंत उठली, रहाट बसला. वेशीबाहेरच्या वस्तीला त्या रहाटावर हात लावू दिला नाहीच. ती दुसरी भिंत मामंजींना दिसली नाही, किंवा दिसूनही त्यांनी तिला हात घातला नाही.

पायऱ्या बुजायच्या आधी माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, एकट्या खाली उतरल्या. आसरांचे सातही दगड पदरात घेऊन वर आल्या आणि काठावर नव्या देवळीत मांडले. मग माझ्याकडे बघून, पण नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्यायला कुनी इचारलं वर येता का म्हून? त्यायच्या घराला भिंत घातली ह्या मानसानं. एक दिस त्याबी ह्यायला कोंडतील, बग." तेव्हापासून त्या मामंजींशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट वाढत, अंथरूण घालत, आणि सांगायचं ते भिंतीला नाही तर मला सांगत.

गिरदावर आला. तहसिलीचा हा अधिकारी घोड्यावरून माळ बघत आला होता, तिथं सडकही नव्हती आणि खडीही. "पटेल, सडक का पत्थर किधर है?"

"पानी में है, साहब," मामंजी म्हणाले. त्यांची उर्दू तेवढ्यापुरतीच होती.

त्यांना तहसिलीत नेलं. मारलं नाही, कोंडलं नाही. कचेरीच्या व्हरांड्यात नुसतं बसवून ठेवलं. सकाळी जाऊन बसायचं, संध्याकाळी धर्मशाळेत झोपायला यायचं, पुन्हा सकाळी बसायचं. कुणी काही विचारत नव्हतं आणि उठ म्हणत नव्हतं. पेरणी झाली, कोळपणी आली, तेव्हा परत आले ते पाटीलकी गमावून. ती त्यांचे चुलतभाऊ गणपतराव यांना मिळाली. ओसरीवर पागोटं काढून ठेवत मला म्हणाले, "वरचा हुकूम सुटला, सूनबाई. आता नुसती खालची बोंब ऱ्हायली."

ती बोंब त्यांनी वर्षभर वाट बघून ऐकली. ते वर्ष मला विसरता येत नाही. गाव खुशीत होतं, रहाटावर बाया हसत-खिदळत पाणी ओढत होत्या. माझा मुलगा झाला, काठावरच्या आसरांना मी ओटी भरली, आणि मामंजी त्या सगळ्या आनंदात फाशीची तारीख लागलेल्या माणसासारखे हिंडत होते. भिंत पाडता येत नव्हती, खरं सांगता येत नव्हतं आणि उन्हाळा थांबवता येत नव्हता. त्यांनी पाय बघणंसुद्धा सोडून दिलं. समोरून कुणी आलं तर आभाळाकडे बघत.

होळीच्या सुमाराला पहिला फोड आला तो गणपतरावांच्याच मुलीला. मग घराघरांतून निघाले. शेवटी मामंजींच्याही नडगीतून नारूनं तोंड काढलं. गाव म्हणालं, आसरा कोपल्या. चावडीत ठरलं की भिंत पाडायची. तेव्हा मामंजींनी उभं राहून सगळं खरं सांगितलं, अजून एक उन्हाळा थांबा म्हणून हात जोडले. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरं कोण ऐकतो?

मग त्यांनी आपली बाज उचलून बारवेवर न्यायला आणि भिंतीला चिकटून टाकायला लावली आणि तीवर आडवे झाले. नडगीतला नारू काडीला गुंडाळलेला, वीतभर बाहेर आलेला. "आधी मला हालवा," ते म्हणाले, "मग भिंतीला हात लावा." पहारी घेऊन आलेले लोक लांब उभे राहिले. पाटीलकी गेली तरी तो पाटील होता, त्याच्या बाजेला हात कोण घालणार? उन्हात ते तसेच पडून. मी भाकरी घेऊन जाई तेव्हा लोक माझ्यासाठीही वाट करून देत आणि तोंड फिरवत.

शेवटी हात घातला तो माझ्या नवऱ्यानं. त्याला बापाची लाज वाटत होती आणि बापाचे हालही बघवत नव्हते, दोन्ही खरं. तिघांना बरोबर घेऊन त्यानं बाज उचलली, घरी न्यायला. नडगीवरची काडी बाजेच्या सुंभात अडकलेली कुणी बघितली नाही. झटका बसला. मामंजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुटला रे."

तुटला म्हणजे काय ते आमच्या गावात सगळ्यांना कळत होतं. माणसं जागच्या जागी उभी राहिली. बाज खाली ठेवली गेली. गणपतरावांनी आपली पहार खांद्यावर घेतली आणि ते घरी गेले, त्यांच्यामागं बाकीचे. भिंतीला पुन्हा कुणी हात लावला नाही. मामंजींचा पाय पावसाळाभर सडत राहिला, आणि गुडघा वाकला तो कायमचा. मुलाला त्यांनी कधी शब्दानं बोल लावला नाही. मला मात्र नवऱ्याचा राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

तिसरा उन्हाळा आला. होळी गेली, पाडवा गेला. फोड नाही. गावात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सुंठीवाचून खोकला गेल्यासारखे सगळे वागत होते. आसरांना वरची जागा मानवली, असं आत्याबाई मला सांगत. मामंजी काठी टेकत, पाय फरपटत सकाळी बारवेच्या भिंतीशी जाऊन बसत. पुन्हा पाय बघू लागले होते.

निजामाच्या राज्याचे ते अखेरचे दिवस होते. मुलूखभर धामधूम माजली होती, गावं लुटली जात होती. एका दुपारी माळावर धूळ उडालेली कुणी बघितली आणि हाक उठली, "आले, आले!" चुलीवरच्या भाकरी टाकून गाव उठलं आणि ओढ्यापलीकडच्या पळसांच्या रानाकडे धावलं. माझा नवरा मामंजींना उचलायला धावला.

"एकदा उचललंस तेवढं बास," ते म्हणाले. "लेकरू घे. पळ."

मी वेशीतून मागं वळून बघितलं. भिंतीला पाठ लावून ते एकटे बसले होते, मान खाली घालून. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत.

ती हूलच निघाली. धूळ मेंढरांच्या कळपाची होती. दिवस कलताना आम्ही परतलो, तर मामंजी तिथंच होते आणि डोळ्यांना धार लागलेली. मी जवळ बसले. "भ्यालात व्हय मामंजी?"

"न्हाई गं," ते म्हणाले. "मागल्या उन्हाळ्यात हूल उठली असती, तर निम्मं गाव हितं माज्याजवळ पडून ऱ्हायलं असतं. आज समदं गाव माज्या म्होरून पळालं. म्हातारे पळाले, बाया लेकरं घेऊन पळाल्या. एक पाय लंगडत न्हाई गेला, सूनबाई." मग आपल्या वाकड्या गुडघ्यावर थाप मारून हसले. "समदे सुटले. मीच तेवढा गुतलोय."

आत्याबाई मागं उभ्या होत्या. भिंत उठल्यापासून नवऱ्याशी न बोललेली ती बाई पुढं आली, खाली वाकली आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"आसरांनी सोडलं तुमाला," त्या म्हणाल्या. "उठा. घरी चला."

मामंजींनी मान वर केली. त्यांनी कुणाच्या पायांआधी तोंडाकडे बघितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.