पाय लावतो, सर!

नांदेडात बऱ्यापैकी नोकरी असलेला माणूस सायकलवर दिसला की लोक दोनच अंदाज बांधतात. एक तर डॉक्टरनं सांगितलं असेल, नाही तर गाडी बंद पडली असेल. मी सिडकोतल्या घरून निघतो, गोदावरीचा पूल ओलांडतो आणि कॉलेजला पोचतो, तेवढ्यात किमान दोघं-तिघं मोटारसायकल हळू करून विचारतात, "सर, बसता काय? सोडतो की." मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे वाटेतला दर चौथा माणूस माझा विद्यार्थी नाही तर विद्यार्थ्याचा बाप. "बसतो, पण सायकल कुठं ठेवू?" असं मी विचारलं की मग कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडतो.

सायकल म्हणजे जुनी, काळी, बावीस इंची. गिअर एकच. रविवारी शहरातली हौशी मंडळी एकवीस गिअरच्या सायकली घेऊन निघतात, डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट कपडे. त्यांच्यातला एक जण मला कौतुकानं म्हणाला, "सर, तुमची सिंगल स्पीड आहे, भारीच!" मी म्हटलं, बाबा रे, आमच्या लहानपणी सगळ्या गावाच्या सायकली सिंगल स्पीडच होत्या. फक्त त्याला नाव असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पण माझ्या सायकलीत याहून पुढची एक भानगड आहे. आमचं गाव लातूरकडचं. तिथं पारासमोर दर दोन-तीन वर्षांनी एक सायकलवाला यायचा आणि आठ दिवस खाली न उतरता गोल फिरायचा. सायकलीवरच जेवायचा, सायकलीवरच अंघोळ करायचा, आणि शेवटच्या दिवशी सायकल चक्क उलटी चालवायचा. मागे, पाठीकडे. मी शाळा बुडवून ते बघत बसायचो. त्याच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील नसतं, पायडल आणि चाक एकमेकांना पक्की बांधलेली असतात, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, आणि त्या वयात माणसानं जे करू नये ते मी केलं. सायकल घेऊन मिस्त्रींकडे गेलो.

आमच्या चौकातले मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, फ्रीव्हील काढून हातात धरलं आणि समजावलं, "साब, इसके अंदर दो कुत्ते रहते. तुम पैडल रोके, तो कुत्ते टिकटिक करते और चाक को जाने देते. अब तुम बोल रहे, कुत्तों को बांध डालो." मी म्हटलं, हो, तेच. त्यांनी वेल्डिंगचे चार टाके मारले आणि कुत्री कायमची गप्प केली. मागचा ब्रेक काढला, पण पुढच्याला हात लावू दिला नाही. "वो नै निकालता मैं. तुमारे घर में लोगां हैं," म्हणाले.

या सायकलीवर पाय थांबवता येत नाहीत. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय. उतारावर मजेत बसून राहायची सोय नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच मागे रेटायचं. पहिले आठ दिवस मी घाबरूनच होतो, नंतर मात्र अशी काही गोडी लागली की विचारू नका. टिकटिक नाही, खडखड नाही. सकाळी पुलावर वारा अंगावर येतो, खाली नदी, आणि रस्ता किती चढाचा आणि किती उताराचा हे पायांनाच कळतं. कॉलेजात पोचतो तेव्हा मी खूश असतो. इतका खूश, की पहिल्या तासाला पोरं त्याचा फायदा घेतात.

बायकोला हे सगळं बिलकूल पसंत नव्हतं. ती घरी ब्लाउज शिवते, पायाच्या मशीनवर. मशीनला मोटर बसवून देतो म्हणून मी दहादा म्हटलं असेल, पण तिचं एकच उत्तर, "मोटरला अंदाज नसतो. पायाला असतो." सायकलीबद्दल मात्र तिचं म्हणणं होतं, "जे माणसाला दम खाऊ देत न्हाई, असलं यंत्र काय कामाचं? एक दिवस पडताल."

पडलो. पण माझ्या चुकीनं नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो.

आपल्याकडे रस्त्यावर कुणाची गाडी बंद पडली की मागून येणारा आपल्या गाडीवरूनच तिला पाय लावतो आणि पंपापर्यंत ढकलत नेतो. ओळख लागत नाही, विचारावं लागत नाही. सायकलवाला चढावर दमलेला दिसला तर त्यालाही तेच. त्या दिवशी संध्याकाळी मी पुलाच्या चढाला लागलो होतो. मागून आवाज आला, "सर, दमले काय? ऱ्हावा, पाय लावतो." अर्धापूरकडचे एक शेतकरी, त्यांची मुलगी माझ्या वर्गात. मी नको म्हणायच्या आत त्यांचा पाय माझ्या कॅरिअरला लागला होता.

चढ संपेपर्यंत ठीक होतं. पुढे उतार लागला, त्यांनी गाडीचा वेग वाढवला, आणि माझे पाय माझे राहिले नाहीत. पायडल एवढ्या वेगानं फिरायला लागलं की मला श्वास घेता येईना, मग बोलणार काय? ते मात्र निवांत गप्पा मारत होते. "सर, पोरीला बारावीनंतर कंच्या लायनीला टाकू? घरचे म्हणून राहिले, लातूरला क्लास लावा." माझे पाय गरगर फिरतच होते. "सर, बोलून का न्हाई राहिले?" मग त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं, आणि तो भला माणूस कळवळून म्हणाला, "लई जोरात पायडल मारून राहिले तुमी! मी लावलाय की पाय. तुमी बसा निवांत!"

उतार संपता संपता एक पाय पायडलवरून निसटला आणि मी सायकलीसकट रसवंतीच्या बाजूला पडलेल्या उसाच्या चिपाडांत गेलो. चिपाडं होती म्हणून वाचलो. गुडघ्याला तेवढा मुका मार लागला.

घरी बायकोनं गुडघा बघितला, सायकल बघितली आणि निकाल दिला. "आयतवारी मिस्त्रीकडं न्यायची. फ्रीव्हील बसवायचं, न्हाईतर भंगारात घालायची." नवं फ्रीव्हील ती दुसऱ्याच दिवशी घेऊनही आली. माझ्याकडे रविवारपर्यंतचे चार दिवस होते. मी पट्टी बांधून ओट्यावर बसायचो आणि तिला भौतिकशास्त्र सांगायचो. पुढचा ब्रेक आहे, पायांचाही ब्रेकच, दोष बाहेरून लागलेल्या बलाचा. ती काजं करता करता ऐकायची. खरं कारण मला सांगता येत नव्हतं. मला ती सायकल तशीच हवी होती, लहान पोराला हवी असते तशी हवी होती, आणि पन्नाशी तोंडावर आलेली असताना हे बोलायची लाज वाटत होती.

शनिवारी ते शेतकरी केळीचा घड घेऊन घरी आले. मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, चूक माझी हाय." मला वाटलं, आता बाजू पलटते. पण बायको म्हणाली, "भाऊ, तुमी मदतच केली. जिला मदत घेता येत न्हाई अशी सायकल हाय ती, तुमी काय करताल?" मी केळं सोललं.

रविवारी सकाळी ती पंजाबी ड्रेस घालून निघाली. नवं फ्रीव्हील कापडी पिशवीत, पिशवी हँडलला. "मी येऊ का?" म्हटलं तर, "त्या गुडघ्यावर?" म्हणाली. ती सायकल ढकलत गेली, आणि फिरतं पायडल दर दोन पावलांना तिच्या नडगीवर बसत होतं. ते बघून माझा उरलासुरला धीर सुटला.

तासभर झाला. मी दुसरा चहा केला, तोही गार झाला. आणि गल्लीच्या वळणावर सायकल दिसली. वर बायको होती. ओढणी कमरेला बांधलेली, नजर समोर, आणि पाय फिरताहेत. आमच्या घरासमोर मोकळी जागा आहे, मधोमध कडुनिंब. ती झाडाला वळसा घालून माझ्यासमोरून निघून गेली.

पुढचं मला नंतर कळलं. मिस्त्री तिला म्हणाले होते, "भाभी, निकालना तो मिनट का काम है. पैले एक चक्कर मारको देखो. फिर बोलो." दुकानाच्या ओट्यावरून ती सायकलवर बसली. निलंग्याकडच्या आपल्या गावात ती भावाच्या सायकलीवर दांड्याखालून पाय घालून कैची शिकली होती, आणि हायस्कूलला रोज सायकलनं जायची. लग्न होऊन नांदेडला आली आणि ते संपलं. चोवीस वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला सायकल येते का म्हणून. मी स्वतःसाठी चार दिवस भांडत होतो, याची मला खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या फेरीला तिचा चेहरा ताणलेला होता. तिसऱ्या फेरीला ती हसत होती. मला वाटलं, हिला थांबता येईना. मी लंगडत खाली उतरलो आणि ती जवळ आली तसा कॅरिअरला धरायला हात पुढे केला.

"हात लावू नका!"

मी हात मागे घेतला. तिनं आणखी एक फेरी मारली, पायांनीच वेग कमी करत आणला आणि बरोबर ओट्याला येऊन थांबली. ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही.

"माझी शिवायची मशीनच हाय की ही," ती धापा टाकत म्हणाली. "चाकासंगं पाय जाऊ द्यायचे, आन् थांबवायचं म्हटलं की पायानंच दाबायचं. तुमी पडलेच कसे?"

हँडलची पिशवी काढून तिनं माझ्या हातात दिली. फ्रीव्हील आतच होतं. "हे दुकानात परत करून या."

"मग उद्यापासून मी सायकलनं..."

"उद्या रिक्षानं जावा. गुडघा बरा होऊ द्या."

"आणि बरा झाल्यावर?"

"बरा झाल्यावर बघू, कुणी न्यायची ते," ती म्हणाली. सायकलीला कुलूप लावलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधून ती आत गेली.