चिपला ऊन

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, म्हणून मीही धुळ्याहून भडगावला आले. वडील गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. सकाळी त्यांच्या नावाची घागर भरली, पुरणपोळीचा घास बाहेर ठेवला. ही रडते कधी, म्हणून बायका माझ्याकडे बघत होत्या. नाही रडले. येतच नव्हतं रडू, त्याला मी काय करू? घागरीच्या पाण्यात हात घातला तर तेही गार लागेना.

मला एकच करायचं होतं. त्यांचा संगणक एकदा सुरू करायचा होता. मी येणार म्हटल्यावर आईनंही फोनवर तेच विचारलं होतं, "उनी की चालू करशी ना?"

वडील मास्तर. शाळेनं भंगारात काढलेला, टीव्हीला जोडायचा तो जुना संगणक त्यांनी घरी आणला. त्याला इंग्रजीच येई. मराठी दिसावी म्हणून मागच्या खाचेत वेगळं कार्ड, आणि कार्डावर अक्षरं भरलेली चिप. पण एका कार्डाला दुसऱ्याची चिप चालत नसे. 'क'च्या जागी भलतंच उमटे. वर्षानुवर्षं त्यांची जुळवाजुळव चालली. आई म्हणे, "पोरीची पत्रिका इतकी पाहिली असती तर!" शेवटी वैतागून त्यांनी चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर स्वतः काढलं आणि स्वतःच चिपमध्ये भरलं. तेव्हापासून बटण दाबलं की संगणकात ठेवलेली पहिली ओळ चिपमधल्या त्यांच्या अक्षरात यायची: बठ्ठं बरं शे. सगळं ठीक आहे. रोज ते आईला हाक मारून ती दाखवत. आई म्हणे, "दिसनं, दिसनं. चहा थंडा होई ऱ्हायना."

दवाखान्यात जाताना त्यांनी कार्ड काढून डब्यात ठेवलं होतं. जेवणं झाल्यावर मी डबा मागितला.

"गच्चीवर शे," आई म्हणाली. "बठ्ठा सामानले ऊन दखाडं मी. वास मारे."

वर गेले. वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांच्या शेजारी, वडिलांच्या धुतलेल्या लुंगीवर कार्ड. त्या चिपच्या मधोमध काचेची बारीक खिडकी असते. ती उन्हात उघडी राहिली की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून वडील तिच्यावर काळी पट्टी चिकटवत. मला हे त्यांनी कैकदा सांगितलं होतं. आईला सांगायचं राहिलं असावं. पट्टी नव्हती. काच लख्ख पुसलेली.

"पट्टी चिकट व्हयेल व्हती, काढी टाकी," आई मागून म्हणाली. चैत्रापासून ती रोज ऊन देत होती.

अगं, काय करून बसलीस हे! तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. रागसुद्धा येईना. कार्ड खाली आणलं, खाचेत बसवलं, बटण दाबलं.

ओळ आली. त्याच जागी, तेवढीच लांब. अक्षरांच्या जागी नुसते पांढरे चौकोन.

आई हात पुसत आली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय. तिला पडद्याचा उजेड दिसतो, अक्षर दिसत नाही.

"ओळ उनी का? वाच ना, बाई."

मी चौकोनांकडे बघत वाचलं, "बठ्ठं बरं शे."

"दिसनं, दिसनं," आई म्हणाली. "चहा थंडा होई ऱ्हायना."

चहा अजून कुणी ठेवलाच नव्हता.