सोयरातली दिवाळी

घरच्यांची दिवाळीची सुट्टी कोकणात गेली आणि माझी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, डोंगरकडा गावाच्या पुढच्या एका खेड्यात, मारुतीला आंघोळ घालण्यात. आता मी हे हसत सांगतो, पण तेव्हा माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

हे गाव म्हणजे माझी सासुरवाडी. सासऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मारुतीची पूजा आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्यांच्या चुलत पुतण्याला मुलगी झाली आणि सगळ्या भावकीला सोयर लागलं. म्हणजे दहा दिवस त्यांच्यातल्या कुणीही गाभाऱ्यात पाय ठेवायचा नाही. पूजेला माणूस पाहिजे तो गुरवाचा, पण दुसऱ्या कुळातला. असा माणूस एकच निघतो, जावई. आम्ही गुरव खरे, पण वडिलांपासून नोकरीतले. मी हिंगोलीत कारकुनी करतो, पूजा कधी केलेली नाही. आमचं कोकणाचं बुकिंग झालेलं होतं, धाकटा भाऊ आणि त्याची माणसंही सोबत येणार होती. बायकोनं पाच मिनिटांत निकाल लावला. ती आणि दोन्ही मुली कोकणात जाणार, मी तिच्या माहेरी. तिच्या वडिलांची पूजा पन्नास वर्षांत एक दिवस चुकलेली नाही म्हणे.

मी तिला आठवण करून दिली की दोन वर्षं झाली, मी देवापुढं हात जोडत नाही. ती बॅग भरता भरता म्हणाली, "हात नका जोडू. नुसती पूजा करा."

हात न जोडण्याचं कारण तिला चांगलं माहीत होतं. माझे वडील नांदेडच्या दवाखान्यात सोळा दिवस होते. त्यांना वाचव असं मी देवाला म्हटलं नव्हतं. वय झालं होतं, डॉक्टरांनीही आडून सांगितलं होतं. मी फक्त एवढंच मागितलं होतं, की शेवटचं पाणी माझ्या हातून त्यांच्या तोंडात जावं. सोळा दिवस खाटेजवळून हललो नाही. सतराव्या सकाळी तोंड धुवून चहा घ्यायला खाली गेलो, वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात ते गेले. एवढंसं मागणं ज्याला पुरवता आलं नाही, त्याच्याशी मला काही बोलायचं नव्हतं. आणि आता त्यालाच रोज पहाटे आंघोळ घालायची होती.

सासरे, म्हणजे आमचे मामा, गाभाऱ्यात येऊ शकत नव्हते. पण देवळाच्या पायरीशी, बाहेरच्या बाजूला, घोंगडी पांघरून बसायला त्यांना कुणाची बंदी होती? पहाटे पाचला ते हजर. तिथून सूचनांचा पाऊस. आडाचं पाणी ओलेत्यानं काढा. घागर खाली टेकवू नका. शेंदूर तेलात कालवताना बोटानं कालवा, काडीनं नको. कार्तिकातला गारठा, अंगावर ओलं धोतर, कोपरापर्यंत शेंदूर, आणि बाहेरून आवाज, "पाव्हणं, डावा खांदा राह्यला." अंधारात त्यांना मारुतीचा डावा खांदा कसा दिसायचा, ते तेच जाणोत.

राहायला देवळाशेजारची खोली मिळाली होती. सोयराच्या घरचं खायचं नाही म्हणून स्वयंपाकही माझा मीच करायचा, त्यातलाच देवाला नैवेद्य. पहिल्या दिवशीचा भात खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. देवानं तो मुकाट्यानं घेतला, मला मात्र जाईना. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सासूबाई दारातून माझ्या खिचडीकडं बघत डोळ्याला पदर लावत होत्या. जावई दिवाळीत आलेला आणि त्याच्या ताटात त्यांना एक करंजी वाढता येत नव्हती. त्यांना समजावण्याचं कामही माझ्याकडंच आलं. फोनवर मुलींचे फोटो यायचे, समुद्र, शहाळी, तळलेले मासे. मी फोन उलटा ठेवून द्यायचो.

या सगळ्यात भर म्हणजे गयाबाई. देवळामागच्या घरातली, साठी ओलांडलेली बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला. रात्रभर देवापुढं ठेवलेल्या तांब्यातलं तीर्थ ती रोज सकाळी त्याच्यासाठी न्यायची. बायकांनी गाभाऱ्यात जायचं नाही, म्हणून ते मीच बाहेर आणून द्यायचं. माझी पूजा अर्ध्यावर असतानाच ती गडवा घेऊन मामांपासून चार हात लांब येऊन बसायची आणि अधूनमधून खोकायची. ते खोकणं मला आग्यामाशीसारखं चावायचं.

भाऊबीजेला मी मुद्दाम उठलो नाही. बहीण पुण्याला, बायको-पोरी कोकणात, आणि मी कुणाच्या कुळाचा देव सांभाळतोय? मामांनी दारावर दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही. साडेनऊला डोळे चोळत गेलो तर पायरीशी दोघंही बसलेले. मामांनी नुसतं आडाकडं बोट दाखवलं. त्याचा मला जास्तच राग आला आणि तो मी गयाबाईवर काढला. पाणी ते पाणी, घरच्या माठातलं दिलं तर काय बिघडणार आहे, असं तिला विचारलं.

ती शांतपणे म्हणाली, "घरचं दिलं तर तोंड मिटून घेतो. मारुतीचं म्हनलं की उघडतो." मग गडवा पुढं करत म्हणाली, "त्येला लेकाच्या हातचं पायजे होतं. लेक पुन्याला हाये, येतो म्हणून राह्यला, येऊन न्हाई राह्यला. मंग आता ज्याच्या हातचं भेटन त्याच्या हातचं."

मी तीर्थ दिलं. त्या दिवशी पूजेत दोनदा चुकलो आणि मामांनी एकदाही टोकलं नाही.

नवव्या दिवशी पहाटे मी नुकती घागर भरून आणली होती. गयाबाई आली ती रिकाम्या हातानं. गडवा घरीच टाकून आली होती. मालक घोट घेईनात, डोळे फिरवून राहिले, तुम्ही चला, एवढंच ती म्हणाली. मी मामांकडं बघितलं. देवाची आंघोळ व्हायची होती, आणि पन्नास वर्षांची पूजा आज पुन्हा लांबणार की नाही हे आता माझ्यावर होतं. मरणाच्या घरी जाऊन आलो की पुन्हा न्हाल्याशिवाय गाभारा नाही, म्हणजे उन्हं वर येणार.

मामा म्हणाले, "जावा. देव थांबतो. माणूस न्हाई थांबत."

ओल्या धोतरानंच मी देवापुढचा तांब्या आणि पळी उचलून गेलो. म्हातारा खाटेवर इतका थोडा उरला होता की आधी मला नुसती वाकळच दिसली. गयाबाईनं त्याच्या कानाशी सांगितलं, मारुतीचं हाये. ओठ उघडले. मी एक पळी घातली, ती गिळली गेली. दुसरी घातली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी कोण हे त्याला कळलं नसणारच, आणि थोड्याच वेळात तो गेला.

आणि तिथं, हातात पळी असताना, मला नांदेडची खोली आठवली. दोन वर्षांत जी गोष्ट मी मनात येऊ दिली नव्हती, ती. मी खालून धावत आलो तेव्हा बाबांच्या उशाशी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा माणूस उभा होता. हातात स्टीलचा पेला आणि चमचा. तो म्हणाला होता, "दोन चमचे घेतलं त्यांनी. शांत गेले." मी तो पेला त्याच्या हातातून ओढून घेतला होता. माझी जागा त्यानं घेतली, एवढंच मला दिसलं. त्याचं नाव विचारलं नाही, त्याच्या तोंडाकडं बघितलंही नाही. बाबांना पाणी मिळालं होतं. मी मागितलं ते देवानं दिलं होतं, फक्त हात माझा नव्हता. आणि त्या हाताच्या हट्टापायी मी दोन वर्षं फुगून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली आणि मी त्या परक्या घरात मोठ्यानं रडलो. गयाबाईच मला सावरत होती.

पुन्हा न्हालो. त्या दिवशी मारुतीची पूजा दहा वाजता झाली. मामांनी बाहेरून फक्त घंटा वाजवा म्हणून खूण केली.

दुपारी पुण्याहून मुलगा आला. अंगणात लोक होते. तो गाडीतून उतरून आत शिरायला निघाला तेव्हा मी पुढं झालो आणि म्हणालो, "दोन पळ्या पाणी घेतलं त्यांनी. शांत गेले." त्यानं मला खांद्यानं बाजूला केलं आणि आत गेला. माझ्याकडं बघितलंही नाही. मला वाईट वाटलं नाही. त्यालाही कळायला वेळ लागेल.

अकराव्या दिवशी सोयर फिटलं, मामा गाभाऱ्यात गेले आणि मी हिंगोलीला आलो. आता मी रोज सकाळी पाच मिनिटं देवापुढं बसतो. मागत काही नाही. नांदेडच्या त्या माणसाचं नाव-गाव मला माहीत नाही, देवाला माहीत असेल. तुमचे उपकार आहेत, एवढा निरोप त्याला पोचव, असं सांगतो आणि उठतो.