माहेरच्या शेळीचा कॉम्प्युटर

दसरा उलटून गेला तरी पासलीच्या खोऱ्यातलं धुकं भातखाचरांवरून उठायचं नाव घेत नव्हतं. मंगलनं झुंजूमुंजू असतानाच शेण काढलं, म्हशीची धार काढली, शेळ्यांपुढं उंबराचा पाला टाकला आणि हात धुऊन माजघरातल्या कॉम्प्युटरपुढं बसली. एक लग्नपत्रिका पुरी करून वेल्ह्याला छापायला धाडायची होती.

बटण दाबलं. डबा घरघरला, दळणात खडा आल्यासारखा खडखडला आणि गप झाला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

अंगणात टेम्पोला ताडपत्री बांधत असलेल्या तिच्या नवऱ्याच्या, भिमाच्या, कानावर ते गेलं. तो आत आला आणि त्यानं डब्याच्या डोक्यात बुक्की घातली.

बंद पडलेल्या गोष्टीवर भिमाकडं हे एकच औषध होतं. टेम्पो अडला की बॉनेटला लाथ, टीव्हीला मुंग्या आल्या की बुक्की, म्हैस आटली की पाठीत दांडका. जेवण उशिरा झालं की मंगल. त्याच्या बापाचीही हीच कारागिरी होती. धोंडाबाईच्या, म्हणजे भिमाच्या आईच्या, डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी ती वाकडीच. आणि वाईट असं की बुक्की बसली की कॉम्प्युटर चालूही व्हायचा. त्यामुळं औषधावरचा विश्वास वाढतच गेला होता.

आज झाला नाही. भिमानं दुसरी घातली, तिसरी घातली, मग लाथ. डबा टेबलावरून गडगडत भिंतीला जाऊन आदळला.

"मेला," भिमा म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर समाधान होतं. "बरं झालं. आता नवा आणू. पालीला गडाच्या पायथ्याशी माज्या दोस्ताच्या, सोमनाथच्या हाटेलात मांडू. गडावर येणारी पुण्याची पोरं हायेत, तुजं गिऱ्हाईकबी तिथंच यील. म्या बसतो गल्ल्यावर."

"आन म्या?"

"तू भाकरी थाप हाटेलात. लई मागणी हाय."

 मंगलनं मोबाईल उचलला आणि विंझरच्या प्रांजलला बोलावून घेतलं. ही प्रांजल बापाचं रिपेरीचं दुकान चालवायची; स्कूटीवर हत्यारांची पिशवी अडकवून तालुकाभर फिरायची.

मंगलचं माहेर घिसरचं. पहिल्या बाळंतपणानंतर ती सासरी परत निघाली, तेव्हा आई रतनबाई दाव्याला एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, बांधून स्वतः चालत सोडायला आली होती. इकडची रीतच तशी. माहेरची शेळी लेकीची. तिची करडं लेकीची, करडं विकून जे येईल तेही लेकीचंच. नवरा कितीही माजोरी असो, त्या दाव्याला हात घालत नाही. त्या शेळीच्या पोटावर मंगलनं वेल्ह्यात कॉम्प्युटर शिकून घेतला आणि एका कचेरीनं काढून टाकलेला हा डबा घरी आणला. पत्रिका, बारशाचे बॅनर, दहाव्याच्या जाहिराती, सगळं ती करायची. पत्रिकेत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून भावकीत डोकी फुटतात. मंगलच्या पत्रिकेवरून अजून एकही फुटलं नव्हतं.

प्रांजल आली. पडवीत पोतं अंथरून तिनं डबा आडवा घातला, बाजूचा पत्रा काढला आणि "अगं आई गं!" म्हणून मागंच सरली. आत कुंकवाचा चिखल, अक्षता, वाळक्या झेंडूच्या पाकळ्या आणि एक सुकलेला उंदीर.

"काकी, हे काय?"

उत्तर चुलीपाशी बसलेल्या धोंडाबाईनं दिलं. "खंडेनवमीला हत्याराची पूजा नगं करायला? आन त्यो पंखा कुरकुरत हुता, म्हून पळीभर गोडं त्याल सोडलं. दाराच्या बिजागरीला सोडतो तसं."

"दरसाल, आजी?"

"दरसालच की! माज्या सुनेचं हत्यार हाय त्ये."

प्रांजल खळखळून हसली. पण आतलं चाचपत गेली तसं तिचं हसू ओसरलं. "तेलानं न्हाई मेला हा. बोर्ड जिता हाय. डिस्क गेलीये. आत तबकडी फिरत असती, वरून दणका बसला की ओरखडा पडतो. कोण मारतं ह्याला?"

 भिमा ताडपत्रीची दोरी आवळत राहिला.

"नवी डिस्क घाला, बिगरतबकडीची. मेमरी वाढवा. पळंल. पर जुना तो जुनाच, काकी, कधीतरी परत रडंल. नवा घेतला तर कटकट न्हाई. तुमी ठरवा."

"ठरलंय," भिमा म्हणाला. "नवा."

"कुणाच्या नावावर?" मंगलनं विचारलं.

"माज्या. पैसा माजा, वस्तू माजी."

"मग जुनाच नीट करायचा. माजा बोकड इकते."

भिमा दोन ढांगांत पडवीत चढला. मुस्काडीत बसली तशी मंगल खांबावर जाऊन आपटली. ओठ फुटला. "मला इचारून इकायचं!" म्हणत भिमानं उघडा डबा दोन्ही हातांनी उचलला, डोक्यावर धरला आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडाकडं निघाला. वायरी आतड्यांसारख्या खाली लोंबत होत्या.

मंगलच्या हाताशी काय आलं तर तो काढून ठेवलेला पत्रा. तिनं तो दोन्ही हातांनी फिरवला. धार भिमाच्या कोपराखाली बसली, मांस उकललं. हात लुळा पडला तसा डबा घसरला. प्रांजलनं खाली झोकून दिलं आणि तो तिच्या मांडीवर पडला. भिमानं मंगलचे केस धरले, डोकं खांबावर आपटलं, एकदा, परत एकदा. तिसऱ्या वेळी तिनं पत्र्याचा कोपरा त्याच्या नाकावर हाणला. वाळकी शेंग मोडावी तसा आवाज झाला. सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे पाट निघाले.

"काढ हात," मंगल म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्याला पहिल्यांदाच एकेरीत बोलत होती.

भिमानं कोपऱ्यातली कुऱ्हाड धरली. तेवढ्यात धोंडाबाईची लोखंडी फुंकणी त्याच्या गुडघ्यावर बसली आणि तो खालीच बसला.

"भाड्या!" म्हातारी फुंकणी उगारूनच होती. "तुज्या बापानं माजं बोट मोडलं, बरगडी मोडली. गाव बघत हुतं. पर माज्या म्हायेरच्या शेळीच्या दाव्याला त्यानं मरस्तवर हात लावला न्हाई. तू त्याच्याबी खाली गेलास व्हय?"

"आये, तू मधी..."

"मारून टाक आमा दोघीस्नी. मग घिसरच्या लोकांस्नी सांग, कशापायी मारल्या त्ये."

भिमानं कुऱ्हाड सोडली. सुनेला मारलं म्हणून घिसरहून कधी कुणी आलं नव्हतं. शेळीसाठी मात्र टेम्पो भरून आले असते. नाकाला टॉवेल लावून तो उठला.

"सांजच्याला बगतो तुला."

"ये. म्या हितंच हाय."

टाके घालून घ्यायला तो टेम्पो काढून वेल्ह्याकडं गेला. प्रांजलनं डबा मांडीवरून पोत्यावर ठेवला. "काकी, ह्यापेक्षा तुमच्याच पैशानं नवा का न्हाई घेत? तुमच्याच नावावर."

मंगलनं तोंडातलं रक्त थुंकलं. "जुन्याला बोकड पुरतो. नव्याला शेळी इकाया लागंल. शेळी गेली की म्होरं ह्या घरात माजं म्हणायला काय ऱ्हायलं? कर हाच."

दुपारी खाटीक आला. बोकड नेताना ओरडला, मागं गोठ्यात शेळी ओरडली. मंगलनं दावं स्वतः सोडून त्याच्या हातात दिलं.

प्रांजलनं विंझरहून सामान आणलं. आतला कुंकवाचा चिखल खरवडला, नवी डिस्क बसवली, बटण दाबलं. घरघर नाही, खडखड नाही, पडदा उजळला.

"वाजत न्हाई," धोंडाबाई संशयानं म्हणाली. "मेला का काय?"

"न्हाई, आत्याबाई. आता त्याला तेल नगं, आन मारबी नगं," मंगल सासूला म्हणाली.

जुन्या डिस्कवरचं थोडंच वाचलं. पत्रिका पहिल्यापासून करावी लागली. एक डोळा सुजून मिटलेला. दुसऱ्यानं बघत मंगलनं नवरीच्या आजोबांचं नाव वर घेतलं, चुलत्यांची वयाप्रमाणं लावली आणि पत्रिका पाठवून दिली. मग कुऱ्हाड उचलून आपल्या ट्रंकेत घातली आणि किल्ली कमरेला खोचली.

उन्हं कलली होती. भाताची झोडणी तोंडावर आलेली, आणि खळं अजून तसंच भेगाळलेलं. तिनं पदर खोचला, घमेल्यात शेणकाला कालवला आणि पलीकडच्या कडेपासून सारवत मागं सरकू लागली.