तिघींनी ऐकलेला शब्द

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होता. पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी तो पहिल्या शिफ्टला म्हणून रोह्याच्या घरून निघाला आणि कंपनीत पोहोचला नाही. त्याची मोटरसायकल नंतर कासू स्टेशनाबाहेर सापडली. हँडल लॉक होतं, चावी नव्हती, हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. कासू धाटावच्या उलट्या दिशेला आहे. तो तिकडे का गेला, हे कोणालाही सांगता आलं नाही.

मी पेणला एका दैनिकाचा वार्ताहर आहे. बेपत्ता माणसांच्या बातम्या मी पुष्कळ दिल्या आहेत. त्या चार ओळींच्या असतात: वय, उंची, अंगावरचे कपडे, कुठे कळवायचं. मेहुण्याची बातमीही मी तशीच लिहिली. ‘स्वभावाने हसतमुख’ असे दोन शब्द त्यात जास्तीचे गेले होते. उपसंपादकाने ते कापले. मी त्याच्या जागी असतो तर मीही कापले असते.

आमचं मूळ घर गागोद्याच्या बाजूचं. थोडी भातशेती, आणि वडिलांच्या पिढीपासून शिक्षकी. आम्ही दोघं भावंडं ख्रिस्ती झालो, ते वेगवेगळ्या वेळी. बहीण आधी, लग्न होऊन रोह्यात आल्यावर. तिच्या मागून काही वर्षांनी मी. मेहुणा झाला नव्हता. रविवारी तिला प्रार्थनेला आणून सोडायचा आणि बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघायचा. “तुमच्या देवाला माझा नमस्कार सांग,” तो तिला म्हणायचा, “आणि लवकर सोड म्हणावं. भूक लागते.”

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान आहे. रोह्याबाहेर एका घराच्या पुढच्या खोलीत आम्ही जमतो. पास्टर कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी एक रीत घालून दिली होती, तिला ‘पारख’ म्हणत. कोणी उठून म्हणालं की प्रभूने मला अमुक सांगितलं, तर ते लगेच खरं धरायचं नाही. पास्टर तीन जणांना निवडत. त्यांनी आठवडाभर त्या गोष्टीबद्दल कोणाशी बोलायचं नाही. एकट्याने प्रार्थना करायची, ऐकू येईल ते ऐकायचं आणि ज्याने त्याने पास्टरांना वेगळं सांगायचं. तिघांचं जुळलं तरच पुढच्या रविवारी पास्टर जाहीर करत, शब्द पक्का.

मी या मंडळीत टिकलो तो बराचसा या रीतीमुळे. आमच्या धंद्यात एका तोंडची बातमी छापत नाहीत. देवाच्या बाबतीतही हा नियम पाळणारी माणसं मला इथेच भेटली.

मेहुणा बेपत्ता झाल्यानंतर काही आठवड्यांनी बहीण प्रार्थनेत उभी राहिली. ती रडली नाही. म्हणाली, “प्रभू मला म्हणाला, तो येणार आहे. वाट पाहा. घर सोडू नको.”

घर सोडण्याचा विषय माझ्याकडूनच निघालेला होता. रोह्याची खोली भाड्याची होती, ती आणि तिची सासू दोघीच तिथे उरल्या होत्या. पेणच्या एका शाळेत ग्रंथालयात जागा निघाली होती आणि मी तिच्यासाठी शब्द टाकला होता. दोघींनी माझ्याकडे राहायला यावं, असं मी आणि माझ्या बायकोने ठरवलं होतं. म्हणजे पारख लागली ती एवढ्याच प्रश्नाला: तिने निघायचं, की त्या खोलीत त्याची वाट पाहत राहायचं.

पास्टरांनी मंडळीतल्या तीन बायका निवडल्या. पुढच्या रविवारी तिघींचं जुळलं. वाट पाहा. शब्द पक्का झाला. शाळेतली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

सासू आमच्यात नव्हती. तिची तुळस खिडकीत होती. शब्द पक्का झाल्याचं ऐकून ती म्हणाली, “एवढं सांगतो तुझा देव, तर पत्ता पण सांग म्हणावं. मी स्वतः जाऊन कान धरून आणते त्याला.”

“आई, तसं नसतं ते.”

“मग कसं असतं गो? आमचा नाय सांगत कधी काय. गप्प असतो बिचारा.”

तरी त्या दोघींचं जमत होतं. पोलिसांनी मोटरसायकल परत दिली तेव्हा घरात दुसरी चावी होती. दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर बहीण गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची आणि किक मारून थोडा वेळ चालू ठेवायची. “बॅटरी उतरली तर आल्या आल्या ओरडेल,” म्हणायची. सासू दारात उभी राहून धूर हातानं वारायची. पण थांबवायची नाही.

थंडीच्या सुरुवातीला मी दुसऱ्याच एका बातमीसाठी रेल्वे पोलिसांच्या चौकीत गेलो होतो. चौकी पनवेलच्या बाजूची. तिथला हवालदार ओळखीचा होता. तो म्हणाला, “बेवारसची बातमी चालते का हो तुमच्याकडे? कोणी येतच नाय विचारायला.” पावसाळ्याच्या शेवटी रुळांच्या कडेला एक पुरुष सापडला होता. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता, कपडेही ओळखू येण्यासारखे राहिले नव्हते. ठरलेली मुदत पाहून पुरला होता. खिशात कागद नव्हते, फोन नव्हता. एक चावी होती. हवालदाराने ती पाकिटातून काढून टेबलावर ठेवली. मोटरसायकलची, मेहुण्याची गाडी ज्या कंपनीची, त्याच कंपनीची. तशा गाड्या जिल्ह्यात घरोघरी आहेत.

बेपत्ता असल्याची नोंद एका ठाण्यात होती, मयताची दुसऱ्या. दोन्ही कागद एकमेकांना भेटलेले नव्हते. यात कोणाचा खास दोष काढता येईल असं नाही. असंच चालतं.

मी हवालदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय, चावी लावून बघू, लागली तर पंचनामा करू.

बहिणीने नाही म्हटलं.

“लावून बघायची म्हणजे काय, दादा? तो येणार असं प्रभूनं सांगितलंय. तिघींनी ऐकलंय. मग मी चावी लावली तर मी देवाला खोटं पाडायला निघाले, असंच झालं ना?”

सासू कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “चावीनं खोटा पडत असेल तर तो देव कसला गो?”

“तुम्हाला पण तेच पाहिजे का, आई? तो नाय असं?”

कांदा चिरून झाल्यावरही सासू पाटावरून उठली नाही. मी पेणला परत आलो. गाडी तिची होती, दार तिचं होतं. हवालदाराला मी थांबायला सांगितलं.

जानेवारीत मंडळीची पोपटी असते. एकाच्या शेतावर सगळे जमतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरतात, मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. बहीण त्या वर्षी आली नव्हती. मडकं उघडल्यावर शेंगा खाता खाता त्या तिघींपैकी एक म्हणाली, “शेंगा बऱ्या हायत, पण तिच्या हातच्या बिरड्याची चव नाय. त्या मंगळवारी किती सोललं गो आपण तिच्याकडे!”

“नखं दुखली माझी,” दुसरी म्हणाली.

मी विचारलं, कुठला मंगळवार.

“तो नाय का, पास्टरांनी पारख लावली त्या आठवड्यातला. तुमच्या बहिणीकडे वाल भिजवलेले, मोड आलेले, एकटी कधी सोलणार? म्हणून गेलो तिघी.”

“बोलायचं नव्हतं ना?”

“त्याच्यावर कुठं बोललो आम्ही? बिरडं सोलत होतो.” मग शेंग हातातच ठेवून ती म्हणाली, “तीच बोलत होती. रडत होती बिचारी. म्हणत होती, कोणीतरी एकदा म्हणा गो, तो येईल म्हणून.”

आमच्या भागात एकदा एका अपघाताची बातमी तीन दैनिकांनी चालक ठार अशी दिली होती. चालक दवाखान्यात बसून चहा पीत होता. तिन्ही वार्ताहरांनी एकाच माणसाला फोन केला होता. छापून आल्यावर मात्र ती तीन सूत्रांची बातमी दिसत होती.

पास्टर जाळाच्या पलीकडे लाकडं सारत होते. मी त्यांच्याकडे जाऊन हे सांगितलं. ते काठीने निखारे उकरू लागले.

“मुद्दाम नाय केलं कोणी,” ते म्हणाले. “तिचं तोंड बघून दुसरं काय ऐकू येणार?”

“मग पक्का कसा म्हटलात?”

“मला पण तेच ऐकू आलं होतं.” त्यांनी काठी जाळात टाकली. “कुठून आलं, ते मला म्हायती नाय. मी गेली इतकी वर्षं सांगतोय लोकांना, मेंढराला मेंढपाळाचा आवाज कळतो. कळतो, खरंय. पण मेंढरू घाबरलेलं असेल तर त्याला कशातपण तो आवाज ऐकू येतो. हे मी कधी सांगितलं नाय.”

तिला कोण सांगणार, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.

तिथून मी बहिणीकडे जायचं टाळलं आणि पेणच्या रस्त्याला लागलो. नागोठणं मागे टाकल्यावर माझ्या मनात दोन शब्द आले. तिला सांग. आवाज म्हणावा असं त्यात काही नव्हतं; कापायला काही उरलेलं नसतं तशी ती ओळ होती. मला ते करायचं नव्हतं. ते शब्द माझ्या इच्छेतून आलेले नव्हते, एवढंच मला खात्रीने लिहिता येतं. देवाचे होते का, हे मला लिहिता येत नाही. त्याची पारख कोणी केलेली नाही. मी गाडी वळवली.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. वाल, मंगळवार, तिघी, पास्टर. मध्ये एकदाही तिने मला थांबवलं नाही. 

“म्हणजे माझंच मला परत आलं,” ती म्हणाली.

“तसंच असेल असं नाय.”

“तसंच आहे. तू बातमीदार ना? मग मऊ करून सांगू नकोस.” मग तिने विचारलं, “हवालदार चावी कधी आणेल?”

तो आठवड्याभरात आला. पंच म्हणून शेजारचा किराणावाला आणि घरमालक उभे राहिले. बहिणीने स्वतः हँडल वळवून लॉक केलं. घरातली चावी तिने सासूच्या हातात दिली, चूक व्हायला नको म्हणून. हवालदाराने पाकीट सर्वांसमोर उघडलं. चावी आत गेली आणि फिरली. हँडल सुटलं.

“जुन्या गाड्यांना कधी कधी दुसरी चावी पण लागते,” किराणावाला म्हणाला. नंतर सासूच्या रक्ताचा नमुना घेतला गेला. अहवाल यायला वेळ लागला, पण नमुना मयताशी जुळला. मेहुणा रेल्वेगाडीतून पडला की उतरला की आणखी काही, हे कुठल्याच कागदावर नाही आणि आता येणारही नाही.

त्या दिवशी मात्र पंचनाम्यावर सह्या होईपर्यंत सगळे उन्हात उभे होते. सासूने सुनेचा दंड धरला. कान धरून आणीन म्हणणारी बाई एवढंच म्हणाली, “चल आत. ऊन लागतंय तुला.”

आता त्या दोघी पेणला माझ्याकडे राहतात. शाळेतली जागा गेली ती गेलीच. बहीण शिकवण्या घेते. रविवारी आम्ही दोघं पॅसेंजरने रोह्याला प्रार्थनेला जातो, कासू स्टेशन वाटेत लागतं. मंडळीत पारख बंद झाली. पास्टरांनी तसं जाहीर केलं नाही. शब्द मिळाला म्हणून आता कोणी उठतच नाही. पास्टर आधी विचारायचे, कोणाला काही सांगायचंय का. हल्ली ते लगेच गीत सुरू करतात.

मध्ये एकदा परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, अजून काही ऐकू येतं का.

“येतं,” ती म्हणाली. “तेच. वाट पाहा.”

“आणि?”

“आणि काय? तोच आवाज आहे, दादा. पहिल्यांदा प्रार्थनेला गेले तेव्हा ऐकला होता, तोच. तेव्हा मी त्या आवाजाच्या भरवशावर सगळं सोडून दिलं होतं.” ती खिडकीबाहेर बघत होती. “ओळखीचा नसता तर सोपं होतं.”

कासूला गाडी थांबली. तिने खिडकी लावून घेतली.